दिवसाला दोनशे

तुमच्यापैकी किती जणांनी कॉलेज सांभाळून बाहेरची कामं केली आहेत? कुणाच्या लग्नाचे फोटो, कुणाच्या ब्रँडचे रील्स, एखाद्या इव्हेंटला साउंडवाल्याच्या हाताखाली. पैसे खात्यात आले आणि ठरल्यापेक्षा थोडे कमीच आले, असं झालंय का? विचारलं तर समोरचा म्हणतो, 'टीडीएस कापला रे.' आपण मान डोलावतो आणि विषय संपतो.

तो विषय तिथे संपत नाही, हे मला आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षी कळलं. तेही एका इलेक्ट्रिशियन काकांच्या फोनमुळे.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला. ऑडिटच्या क्लायंट्सपैकी एक मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला गाळा. दोन भावांची पार्टनरशिप फर्म, प्रदर्शनांचे स्टॉल आणि दुकानांचं इंटिरियर करून देणारी. सगळी कामं ते स्वतः करत नाहीत. सुतारकाम मुलुंडच्या एका फर्मला, वायरिंग घाटकोपरला असल्फ्यात राहणाऱ्या काकांना, रंगकाम आणखी कुणाला, आणि स्टॉल कसा दिसेल त्याचे थ्रीडी व्ह्यू बोरिवलीच्या एका बीएफएच्या मुलाला. मुंबईतले निम्मे छोटे धंदे असेच चालतात. एकाच्या बिलावर पाच जणांची घरं.

११ ऑगस्ट २०२५, सोमवार. काकांनी थेट आमच्या ऑफिसला फोन लावला. 'मॅडम, शेठकडे तुमचा नंबर मिळाला. जानेवारी ते मार्चचे माझे पैसे कापलेत, पण २६एएसमध्ये काहीच दिसत नाही. माझा रिटर्न भरणारा म्हणतो, दिसत नाही तर क्लेम कसा करू?'

२६एएस म्हणजे तुमच्या पॅनच्या नावावरचं सरकारी पासबुक. वर्षभरात कुणी तुमचा किती कर कापला आणि तो सरकारकडे जमा केला, हे त्यात दिसतं. मी फाइल काढली. टॅलीमध्ये टीडीएस कापलेला होता. बँकेतून चलानही भरलेलं होतं. म्हणजे पैसे सरकारकडे पोचले होते. राहिला होता तो फक्त फॉर्म.

इथे जरा थांबून यंत्रणा समजून घेऊ, कारण गोष्टीची मेख इथेच आहे. कंत्राटदाराला पैसे देताना कर कापण्याची पद्धत आपल्याकडे १९७२ पासूनची, आयकर कायद्याचं कलम १९४सी. एका वेळी ३० हजारांच्या वर किंवा वर्षात एकूण १ लाखाच्या वर रक्कम गेली की कापायचं. कंत्राटदार एकटा माणूस असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. डिझायनरसारख्या व्यावसायिकाच्या फीवर वेगळं कलम, १९४जे, आणि दर १० टक्के. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत बँकेत भरायची. मार्चची तेवढी ३० एप्रिलपर्यंत.

पण चलान भरताना सरकारला इतकंच कळतं की अमुक टॅन नंबरच्या धंद्याने इतके पैसे भरले. टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा ओळख क्रमांक. आपल्या मुंबईतल्यांचा एमयूएम या अक्षरांनी सुरू होतो. त्या पैशांतले काकांचे किती आणि बोरिवलीच्या मुलाचे किती, हे चलान सांगत नाही. ते सांगतो दर तीन महिन्यांनी भरायचा फॉर्म २६क्यू. त्यात एकेकाचा पॅन, बिलाची रक्कम, कापलेला कर आणि चलान नंबर. तो फॉर्म गेला नाही, तर पैसे सरकारच्या तिजोरीत बिननावाचे पडून राहतात.

जानेवारी ते मार्चच्या २६क्यूची शेवटची तारीख ३१ मे. मग काय झालं? गाळ्यावरचा पार्टटाइम अकाउंटंट मेच्या मध्यावर नोकरी सोडून भिवंडीला गेला. नवा मिळायला जुलै उजाडला. नव्याला वाटलं जुन्याने भरला असेल, शेठना वाटलं सीए बघत असतील, आणि आमच्याकडे फक्त ऑडिट होतं. कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही. नुसतं प्रत्येकाला वाटत राहिलं.

सरांनी फाइल माझ्याकडे सरकवली. 'दिवसाला दोनशे चालू आहेत. बघ.'

कलम २३४ई. फॉर्मला जितके दिवस उशीर, तितके दिवस रोज २०० रुपये फी. कमाल मर्यादा त्या फॉर्ममधल्या एकूण टीडीएसइतकी. म्हणजे त्या सोमवारी ७२ दिवस झाले होते, १४,४०० रुपये. तुम्ही चहा प्यायला खाली गेलात, मीटर चालू. रविवारी झोपलात, तरी चालू.

मला वाटलं, फॉर्मच तर भरायचाय, संध्याकाळपर्यंत होईल. पंधरा दिवस लागले.

आधी पॅन तपासणी. सरांनी मला शिकवलेली एक गोष्ट तुम्हालाही उपयोगी पडेल. पॅनचं चौथं अक्षर बघायचं. पी असेल तर माणूस, एफ असेल तर फर्म, सी असेल तर कंपनी. मुलुंडच्या सुतारकामवाल्यांच्या बिलावर मालकाचंच नाव ठळक होतं, म्हणून अकाउंटंटने १ टक्का कापला होता. पॅनमध्ये चौथं अक्षर एफ. म्हणजे फर्म, म्हणजे २ टक्के. ५ लाख २० हजारांच्या बिलावर १०,४०० कापायचे होते, कापले ५,२००. उरलेले ५,२०० शेठनी खिशातून भरायचे, वर महिन्याला १ टक्का व्याज. बिल फेब्रुवारीतलं, आता ऑगस्ट. सात महिन्यांचे ३६४ रुपये.

दुसरी गंमत मार्चच्या चलानाची. ३० एप्रिलऐवजी २ मेला भरलं होतं. दोन दिवस उशीर, विशेष काय? पण कर कापून ठेवला आणि वेळेवर भरला नाही, तर व्याज महिन्याला दीड टक्का, कापल्याच्या तारखेपासून, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. कापला २० मार्चला. मार्च, एप्रिल, मे, झाले तीन महिने. १२ हजारांवर ५४० रुपये. शेठ म्हणाले, 'दो दिन का तीन महिना? हे कुठलं गणित!' मी म्हटलं, सरकारी.

मग बोरिवलीच्या मुलाला फोन केला, पॅनची खात्री करायला. तो आधी घाबरलाच. मार्चमध्ये त्याने ९० हजारांचं काम केलं होतं, एवढं मोठं बिल आयुष्यात पहिल्यांदाच. हातात आले ८१ हजार. 'ते नऊ हजार म्हणजे जीएसटी ना?' त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर, 'मग कमिशन असेल असं वाटलं मला.' त्याचं वर्षाचं सगळं उत्पन्न मिळून कर लागण्याइतकं नव्हतंच. म्हणजे रिटर्न भरला की ते नऊ हजार पूर्णच्या पूर्ण परत. पण त्याने रिटर्न भरायचा विचारही केला नव्हता. मी त्याला समजावलं, तर पलीकडे काही सेकंद शांतता. मग एकदम, 'ताई, म्हणजे ते माझेच आहेत?'

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आतापर्यंत ही फाइल माझ्यासाठी शेठच्या फीची फाइल होती. त्या फोननंतर ती त्या नऊ हजारांची झाली, आणि काकांच्या ३,८५० रुपयांची. काकांचा आकडा तुम्हाला किरकोळ वाटेल. पण एक टक्का हा उलाढालीवर कापला जातो, नफ्यावर नाही. वायर, स्विच, हाताखालच्या पोराची मजुरी सगळं जाऊन हातात जे उरतं, त्यात ३,८५० हा छोटा आकडा नसतो. शिवाय काकांना बँकेतून कर्ज काढायचं होतं. बँक रिटर्न मागते, आणि काकांचा रिटर्न या एका ओळीसाठी अडला होता. आयटीआरची मुदत त्या वर्षी ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केली होती, हे त्यांचं नशीब.

१९ ऑगस्टला पावसाने मुंबई बंद पाडली. मध्य रेल्वेची मुख्य लाइन ठप्प, मी मुलुंडला घरी अडकलेली. खिडकीतून पाणी बघताना मनात काय आलं असेल? दोनशे.

शेवटी सोमवारी, २५ तारखेला, सगळं जुळलं. फॉर्म भरायचं सॉफ्टवेअर सरकारकडून फुकट मिळतं, दिसायला पंधरा वर्षं जुनं आणि स्वभावाने खडूस. चलानाचा बँक कोड एका आकड्याने चुकला तरी फाइल परत फेकतं. चार वेळा फेकल्यावर पाचव्यांदा घेतली. ८६ दिवसांची १७,२०० रुपये फी भरलेली. पोर्टलवर टॅनने लॉगिन केलं, फाइल चढवली, ओटीपी पाठवा म्हटलं. ओटीपी गेला. कुठे? भिवंडीला. नोंदवलेला मोबाइल अजून जुन्या अकाउंटंटचाच होता.

त्याला किती फोन केले असतील! रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, 'सॉरी, गाडी चालवत होतो.' तोवर ओटीपी केव्हाच बाद झालेला. मध्यरात्र उलटली आणि मीटर पडलं. दुसऱ्या दिवशी गणपतीच्या आदल्या दिवशीची गर्दी, धाकटे शेठ मखराच्या ऑर्डरमध्ये बुडालेले, आणि मी त्यांच्याकडे दोनशे रुपयांचं वेगळं चलान मागतेय. 'दोनशे? फक्त दोनशे?' त्यांना माझी दया आली असावी. पण तेही भरलं. सकाळी सव्वाअकराला भिवंडीहून सहा आकडे आले आणि फॉर्म गेला. ८७ दिवस. फी १७,४००.

एकूण टीडीएस २५,३५० आणि त्यावर फी साडेसतरा हजारांच्या घरात. थोरले शेठ तडकले ते याच्यावर. 'पैसे तर आम्ही भरले होते. सरकारचं नुकसान काय झालं? कागदाचा एवढा दंड?'

प्रश्न चुकीचा नाही. हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. रश्मीकांत कुंदलिया विरुद्ध भारत सरकार. २३४ई हे कलम १ जुलै २०१२ पासून आलं आणि देशभर छोट्या धंद्यांना नोटिसा जायला लागल्या. याचिकेचं म्हणणं थोडक्यात असं, की फी ही सेवेबद्दल असते. उशिराबद्दल सरकार कसली सेवा देतं? फीच्या नावाखाली हा कर किंवा दंडच आहे. न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये हे अमान्य केलं आणि कलम वैध ठरवलं. कारण वाचण्यासारखं आहे. कर कापणाऱ्याने तपशील वेळेवर दिला नाही, तर ज्याचा कर कापला त्याचा रिटर्न खात्याला नीट तपासता येत नाही, त्याचा रिफंड रखडतो, रखडलेल्या रिफंडवर खात्याला व्याज द्यावं लागतं. त्या वाढीव कामाची ही फी. फी भरून तुम्हाला उशिरा फॉर्म देण्याची सवलत मिळते, तीच सेवा.

सरांनी हे शेठना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. पटलं असं म्हणणार नाही. मलाही एक गोष्ट आजपर्यंत खटकते. हजार लोकांचा टीडीएस कापणाऱ्या मोठ्या कंपनीलाही दिवसाला दोनशेच आणि मरोळच्या गाळ्यालाही दोनशेच. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स खात्याला ते जाणवणारही नाहीत. आणि ती फी जाते सरकारकडे. ज्या मुलाचे नऊ हजार तीन महिने बिननावाचे पडून होते, त्याच्या वाट्याला त्यातला रुपयाही येत नाही. पण निकालाने नजर कुणाकडे वळवली, तर त्या मुलाकडे, हे मात्र मला पटतं.

फीवर भागलं असंही नाही. कलम २७१एचखाली वेगळा दंड होऊ शकतो, किमान १० हजार, कमाल १ लाख. पूर्वी कर, व्याज, फी भरून वर्षाच्या आत फॉर्म दिला की या दंडातून सुटका होती. १ एप्रिल २०२५ पासून ही सवलत एका महिन्यावर आणली. आमचा क्लायंट तो महिना कधीच ओलांडून बसला होता. आणि टीडीएस कापलाच नाही, किंवा कापून भरलाच नाही, तर त्या खर्चातला ३० टक्के भाग नफ्यातून वजा करू देत नाहीत. म्हणजे न कमावलेल्या पैशांवर कर.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही कॉमर्सचे असा वा नसा, कधीतरी बिल करणार आहात. पहिलं म्हणजे 'टीडीएस कापला' ऐकून गप्प बसू नका. किती टक्के आणि कोणत्या कलमाखाली, ते विचारा. लाजायचं काही नाही. पॅन द्यायला टाळाटाळ करू नका, पॅन नसेल तर २० टक्के कापतात. आयकर पोर्टलवर स्वतःचं खातं उघडा आणि तिमाही फॉर्मच्या तारखांनंतर, म्हणजे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मेनंतर दोनेक आठवड्यांनी आपलं २६एएस बघा. फॉर्मच्या तारखेनंतर १५ दिवसांत समोरच्याने तुम्हाला फॉर्म १६ए हे सर्टिफिकेट द्यायचं असतं. ते मागा. मेलवर मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर 'हो हो देतो' येतं आणि वर सरकून जातं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू होतो. त्यात कलमांचे आकडे बदललेत, १९४सीची बाब कलम ३९३च्या तक्त्यात गेली आहे. त्यामुळे आकडे पाठ करत बसू नका. आपले पैसे कुणाच्या नावावर दिसतायत, एवढं बघायची सवय लावा.

आणि कुणी कापून पैसे सरकारकडे भरलेच नाहीत तर? यावरही मुंबई उच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे, यशपाल साहनी यांचा, २००७ सालचा. मालकाने पगारातून कर कापला पण भरला नाही, आणि खातं नोकराच्या मागे लागलं. न्यायालय म्हणालं, ज्याच्याकडून एकदा कापला गेला त्याच्याकडून तोच कर पुन्हा वसूल करता येणार नाही. पण त्यासाठी कापल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. बिल, बँकेत आलेली कमी रक्कम, मेल. म्हणून ते ८१ हजारवालं बँक स्टेटमेंट डिलीट करू नका.

तुमच्यापैकी काही जण टेबलाच्या पलीकडेही बसाल. माझ्यासारखे आर्टिकल म्हणून, किंवा मित्रांबरोबर फर्म काढून. फर्म असेल तर उलाढाल किती हे न बघता पहिल्या वर्षापासून कापावं लागतं. एकट्याचा धंदा असेल तर आदल्या वर्षाची उलाढाल १ कोटीच्या वर गेली की. तेव्हा दोन कामं आधी करा: टॅनच्या खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडा, आणि ३१ तारखांची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा. 'कुणीतरी बघत असेल' या कुणीतरीची फी आम्ही भरून पाहिली आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोरिवलीच्या मुलाने २६एएसचा स्क्रीनशॉट पाठवला, नऊ हजारांभोवती लाल गोल काढून. रिटर्न त्याने स्वतःच भरला, दोनदा फोन करून. गाळ्यावर आता कॅलेंडरवर ७ आणि ३१ तारखा लाल पेनाने रंगवलेल्या असतात. धाकटे शेठ ७ तारखेच्या आधीच मला फोन करतात, 'मॅडम, भरलं हां.'

काकांचं काम १२ सप्टेंबरला झालं. संध्याकाळी ते मेट्रोने अंधेरीला आले, ऑफिसात पेढे घेऊन. मला वाटलं आभार मानून जातील. त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर उलगडला.

'ताई, हे शेठचं झालं. आता ही दुसरी पार्टी. यांचं पण दिसत नाही.'